थ्रिलरची पिशवी, महिना २५०

सोलापूरच्या नवी पेठेत एका साड्यांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की उजव्या हाताला एक खोली लागते. तिथे पुस्तकं भाड्याने मिळतात. पाटी नाही, फलक नाही. "तुमच्याबद्दल लिहिणार आहे, नाव काय टाकू?" असं मालकांना विचारलं तर म्हणाले, "नाव नका टाकू ओ सिस्टर. आहेत तीच माणसं पुस्तकं वेळेत आणून देईनात. अजून आली तर मी कुठं पळू?" तेव्हा नाव नाही. ज्याला हवं त्याने जिना शोधावा.

योजना सोपी आहे. ५०० रुपये डिपॉझिट, महिना २५०. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालकांचा भाचा मोटरसायकलवरून चार पुस्तकांची पिशवी घरी आणून देतो आणि आधीची घेऊन जातो. पिशवी चादरीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची शिवलेली. माझ्या पिशवीवर मोर अर्धाच आलाय, पण बंद इतके पक्के की पाच किलो ज्वारी खुशाल आणावी. विषय आपण सांगायचा, पुस्तकं ते निवडणार. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर त्यांच्या हातची एक ओळ.

जूनमध्ये मी सांगितलं, मनोविकाराचे थ्रिलर द्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "जन्मभर तेच केलं की ओ तुम्ही. आता सुट्टीतबी तेच?"

बरोबर होतं त्यांचं. मी सरकारी नोकरीत ३३ वर्षं नर्स होते, त्यातली १९ मनोविकार वॉर्डात. सुरुवात पुण्याकडच्या मोठ्या मनोरुग्णालयात, शेवट सोलापुरात. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी घराच्या किल्ल्या अजून कमरेला असतात आणि रात्री ओटा आवरताना मी चमचे मोजते. सून हसते. वॉर्डात एक चमचा कमी भरला तर तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे, हे तिला कुठून माहीत असणार.

अशा बाईने मनोविकाराचा थ्रिलर वाचायचा म्हणजे हलवायाने दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसण्यासारखं आहे. जिलबी तोंडात जायच्या आधी पाक तपासला जातो. पुस्तक उघडलं की मी आधी बघते, किल्ल्या कुणाकडे आहेत. रात्रपाळीला किती माणसं आहेत. सकाळी ओव्हर, म्हणजे पाळी संपताना पेशंटची सगळी माहिती, कोण कुणाला देतं. गोळी दिल्यावर 'जीभ वर कर' असं म्हणून कुणी तोंडात बघतं का. लेखक खरंच अशा जागी वावरलाय की नाही ते इथे कळतं. रोगांची लांबलचक नावं काय, कुठल्याही पुस्तकातून उचलता येतात.

पिशवी उघडली. वर 'द सायलेंट पेशंट'. चिठ्ठी: "यातला डॉक्टर बघून तुम्हाला राग येईल. वाचाच."

हे पुस्तक २०१९ चं, लेखक अ‍ॅलेक्स मायकेलिडीस. जन्म सायप्रसचा, शिक्षण केंब्रिजला इंग्रजी साहित्याचं, नंतर अमेरिकेत पटकथालेखनाचं. पण मधल्या काळात तो मानसोपचारही शिकला आणि तरुण रुग्णांच्या एका बंद युनिटमध्ये त्याने काम केलं. पुस्तकात ते दिसतं. गोष्ट अशी की अ‍ॅलिशिया नावाची चित्रकार आपल्या नवऱ्याच्या तोंडावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर एक शब्द बोलत नाही. वर्षं जातात. लंडनमधल्या 'द ग्रोव्ह' नावाच्या बंद युनिटमध्ये तिला ठेवलंय. थिओ फेबर हा थेरपिस्ट तिला बोलतं करायचंच म्हणून तिथे नोकरी धरतो, आणि गोष्ट तोच आपल्याला सांगतो.

ग्रोव्ह मला पटलं. ते युनिट बंद पडायच्या बेतात आहे, पैसा नाही, वरून खर्चावर डोळा ठेवणारी मॅनेजर. पेशंट आणि कर्मचारी गोल करून बसतात आणि त्या सभेत क्षुल्लक गोष्टीवरून वाद पेटतो. असा वाद मी शेकडो वेळा सोडवलाय, आमच्याकडे तो बहुतेक वेळा पंख्याखालच्या खाटेवरून असे. अ‍ॅलिशियाला औषधं इतकी दिलीत की ती गुंगीतच बसून असते, आणि थिओ आल्याआल्या डोस कमी करायला लावतो. हेही बरोबर. जादा डोसचा माणूस खुर्चीत कसा बसतो ते ज्याने पाहिलंय त्याने ती पानं लिहिलीत. युरी नावाचा एक हेड नर्स आहे. तो मला आवडला, पण बिचाऱ्याला काम फार थोडं दिलंय. थ्रिलर लिहिणाऱ्यांचं नर्सकडे लक्ष जात नाही. चोवीस तास पेशंटजवळ कोण असतं, तर सिस्टर आणि मावशी. पण कोडं सोडवायला नेहमी डॉक्टरच येणार.

आता चूक. माणूस बोलणं बंद करतो तेव्हा आमच्या वॉर्डात पहिला प्रश्न 'याच्या मनात काय रहस्य आहे' हा नसतो. पहिला प्रश्न असतो पाणी पितोय का, लघवी झाली का. दुसरा, ही कॅटाटोनिया तर नाही? त्यात माणूस दगडासारखा होतो, हात वर केला तर वरच राहतो. त्यावर लोराझेपामचं इंजेक्शन देऊन बघतात, आणि बऱ्याच पेशंटमध्ये काही मिनिटांत किंवा काही तासांत गाडं हलतं. नाही हललं तर शॉक ट्रीटमेंट आहे. आमच्याकडे एक बाई अकरा दिवस गप्प होती. गाव सांगत नाही. नवरा, दीर, सासू सगळे आळीपाळीने दाराशी. तिने काय पाहिलं, कुणी काय केलं, याच्या कुजबुजी वॉर्डभर. इंजेक्शन दिल्यावर तासाभराने ती उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "माझा पितळी डबा कुणी नेला?" डबा खरंच कुणीतरी नेला होता.

थ्रिलरला हे चालत नाही, हे मलाही कळतं. पितळी डब्यावर ३०० पानं निघत नाहीत. तिथे मौन हे कुलूप असावं लागतं आणि आत मोठा ऐवज. म्हणून लेखकाने युरिपिडीसच्या एका ग्रीक नाटकाचा आधार घेतलाय, इसवी सनापूर्वी ४३८ सालचं. अल्सेस्टिस नावाची राणी नवऱ्याच्या जागी स्वतः मरायला तयार होते. पुढे तिला मृत्यूच्या हातून सोडवून आणतात, पण परत आल्यावर ती नवऱ्यासमोर एक अक्षर बोलत नाही. अ‍ॅलिशियाने काढलेल्या शेवटच्या चित्राचं नाव तेच. मला आपली सावित्री आठवली. सावित्री यमाच्या मागे चालत जाऊन नवऱ्याला परत आणते. इथला नवरा बायकोला पुढे करून मागे राहतो, मग ती परत आल्यावर बोलेल कशाला? नाटकात तिच्या गप्प राहण्याचं धार्मिक कारण दिलंय, पण मला ते पुरेसं वाटलं नाही, आणि लेखकालाही वाटलं नसावं.

दुसरी चूक, म्हणजे मला आधी चूक वाटली ती. थिओ एकटाच पेशंटच्या दिराला भेटायला जातो, शेजारणीला भेटतो, चित्रांच्या गॅलरीवाल्याकडे जातो. आमच्याकडे घरी जायचं काम सोशल वर्करचं. तो पत्र घेऊन जातो, येऊन रिपोर्ट लिहितो. थेरपिस्ट असा हिंडू लागला तर दुसऱ्या दिवशी त्याला मोठ्या साहेबांच्या खोलीत उभं राहावं लागेल. पुस्तकातही साहेब त्याला झापतात. मी वैतागून पुस्तक मिटलं आणि कडक भाकरी चुरायला घेतली. (पान ११२ वर शेंगाचटणीच्या तेलाचा डाग आहे तो माझा. मालकांना सांगितलंय.)

पण रात्री पाण्याची वाट बघत बसले होते, आमच्याकडे नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो आणि कधी रात्री दीडला येतो, तेव्हा डोक्यात आलं. वॉर्डात एखादा नवा डॉक्टर एकाच पेशंटमध्ये असा गुंतला, ड्यूटी संपली तरी तिच्याच खाटेशी घुटमळू लागला, तर आम्ही सिस्टर एकमेकींकडे बघत असू. ते लक्षण आहे. पेशंटचं नव्हे, डॉक्टरचं. पण तीच गोष्ट थ्रिलरमध्ये वाचताना आपण म्हणतो, किती तळमळ आहे या माणसाला! कारण थ्रिलरचा नायक नियम मोडणारच, तो नियम मोडतो म्हणून तर नायक, अशी सवय आपल्याला लागलेली असते. मायकेलिडीसला हे दोन्ही माहीत आहे. वॉर्डात याचा अर्थ काय होतो ते त्याने काम करून पाहिलंय, आणि वाचक त्याचा कोणता अर्थ घेणार तेही तो जाणतो. त्या दोन अर्थांच्या फटीत त्याने आपला चकवा ठेवलाय.

शेवट सांगणार नाही. फक्त मी कुठे अडखळले ते सांगते. अ‍ॅलिशियाची डायरी अधूनमधून येते, तिच्यावर तारखा आहेत. थिओ आपल्या घरातलं, बायकोचं वगैरे सांगतो, त्या पानांवर तारीख नाही. सामान्य वाचकाला ते खटकणार नाही. मला खटकलं. ३३ वर्षं रिपोर्ट बुकात तारीख, वेळ आणि सही याशिवाय एक ओळ लिहिली नाही, आणि विद्यार्थिनींना सांगत आले की बिनतारखेची नोंद म्हणजे नोंद नव्हेच, ती कुठेही चिकटवता येते. मी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं, 'तारीख?' पुढे आणखी दोन ठिकाणी लिहिलं. याहून जास्त बोलत नाही.

मंडईत भाजीवर कोथिंबीर घालतात तसं मालकांनी या पिशवीत पाचवं पुस्तक फुकट घातलं होतं, अ‍ॅगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'. १९२६ चं आहे. शंभर वर्षं झाली म्हणून याचा शेवट मी फोडणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. गावातला भला डॉक्टर शेपर्ड गोष्ट सांगतो, आणि खुनीही तोच. तो आपल्याशी एकदाही खोटं बोलत नाही. पत्र आलं तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती, मी निघालो तेव्हा दहा मिनिटं कमी होती, असं तो सरळ सांगतो. मधल्या दहा मिनिटांत काय केलं ते सांगत नाही, एवढंच. आमच्या मेट्रनबाईंच्या हाती ही नोंद पडली असती तर त्यांनी त्या दहा मिनिटांवर लाल पेनाने गोल केला असता. पण वाचक तिथून बिनदिक्कत पुढे जातो, कारण बोलणारा डॉक्टर आहे. डॉक्टर सांगतो ते आपण मान हलवून ऐकतो. रात्री किती वाजता गोळी घ्यायची ते आपण त्याला विचारतो, त्याने ती वेळ कुठे घालवली हे विचारत नाही.

ख्रिस्तीबाईंना हे कुठून सुचलं असेल याची मला कल्पना आहे. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्कीच्या हॉस्पिटलात आधी नर्सिंगचं काम करत होत्या, मग तिथल्या औषधखान्यात गेल्या. १९१७ साली त्यांनी औषधं बनवण्याची परीक्षा दिली. त्यांची पहिली कादंबरी १९२० ची, तिच्यातलं विष म्हणजे एका टॉनिकातलं स्ट्रिक्नीन. त्यात ब्रोमाइड मिसळलं की स्ट्रिक्नीन तळाशी बसतं आणि शेवटचा डोस जीवघेणा होतो. औषधाच्या बाटल्या हाताळलेल्या माणसालाच हे सुचणार. आणि बाटली हलवून मग द्यायची, हे आम्हाला पहिल्या वर्षी का घोकवलं होतं, ते मला तिथे ४० वर्षांनी समजलं!

एक खरी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७७ साली कतारहून एक लहान मूल लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात आणलं होतं. जेमतेम दीड वर्षाचं. डॉक्टरांना निदान होईना. तिथली एक नर्स त्या वेळी ख्रिस्तीचं 'द पेल हॉर्स' वाचत होती. ती म्हणाली, या मुलाची लक्षणं माझ्या पुस्तकातल्यासारखी आहेत, केस गळतायत बघा, हे थॅलियम असेल. तपासलं तर थॅलियमच निघालं. मूल वाचलं. रात्रपाळीला कादंबरी वाचते म्हणून मला एकदा मेमो मिळाला होता. तेव्हा ही गोष्ट माहीत असती तर उत्तरात लिहिली असती.

'वॉर्ड डी'वर फार वेळ घालवत नाही. लेखिका फ्रीडा मॅकफॅडन, मेंदूच्या इजेवर काम करणारी खरी डॉक्टर, पुस्तक २०२३ चं. वैद्यकीची एक विद्यार्थिनी मनोविकाराच्या बंद वॉर्डात रात्रभराच्या ड्यूटीला जाते, दार कोड टाकल्याशिवाय उघडत नाही, आणि एकेक माणूस नाहीसं होऊ लागतं. वाचताना पान सुटत नाही हे कबूल. प्रकरणं एवढीएवढीशी. लेखिका डॉक्टर आहे म्हटल्यावर वाटलं होतं, आत काही नवं दिसेल. दिसलं ते जुनंच. बंद दार, लांबलेली रात्र, कमी होत जाणारी माणसं. हा वाडा झाला, फक्त भुताच्या जागी पेशंट. आमच्या लहानपणी गल्लीतल्या लायब्ररीत बाबुराव अर्णाळकरांची पुस्तकं मिळायची, झुंजार आणि काळा पहाड. त्यात असले वाडे भरपूर असत, पण ते वाडे आहेत असं तरी सांगितलेलं असे. इथे डॉक्टरची पदवी मुखपृष्ठापुरती आहे आणि तिच्या बळावर जुनाच वाडा नवा म्हणून खपवलाय.

वॉर्डातली रात्र कशी असते ते सांगू? पंख्याचा खडखडाट. घोरणं. दर तासाला एक आजोबा येऊन विचारणार, सिस्टर, किती वाजले. तीन वाजता कुणीतरी रडतं, त्याच्या खाटेवर जाऊन बसायचं. १९ वर्षांत मला दोनदा मार बसला. एकदा पेशंटकडून, एकदा पेशंटच्या नातेवाइकाकडून, आणि नातेवाइकाचा जास्त लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे, पण सिनेमात अजून पेशंट पट्ट्यांत तडफडतोच. ते बघून घरची माणसं पेशंटला आणायला घाबरतात, आणि वर्षभर उशीर करून मग आमच्याकडे येतात. थ्रिलर वाचून कुणी वेडं होत नाही. उशीर मात्र होतो, तो मी पाहिलाय. म्हणून या पुस्तकावर माझा राग थोडा जास्त असेल.

'द गर्ल ऑन द ट्रेन' मात्र बघा. लेखिका पॉला हॉकिन्स डॉक्टर नाही की नर्स नाही, आधी पत्रकार होती. पुस्तक २०१५ चं. रेचल नावाची बाई रोज लोकलने लंडनला जाते-येते आणि पिते, इतकी की रात्रीचं सकाळी आठवत नाही. एका रात्री तिने काहीतरी पाहिलंय, पण काय ते तिलाच माहीत नाही. गाडीत बसून ती जिन-टॉनिकचे तयार डबे उघडते. शुक्रवार आहे, मग गाडीत प्यायलेलं चालतं, असं स्वतःला समजावते. इथेच मी सरळ होऊन बसले. व्यसनमुक्तीच्या खाटांवर मी नेमका हाच हिशोब ऐकलाय. आज अमावास्या आहे म्हणून, आज पगार झाला म्हणून, आज गड्ड्याची जत्रा म्हणून.

दारूने जाणारी आठवण ही विसरलेली नसते, ती मुळात नोंदलेलीच नसते. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण मेंदूचा जो भाग नोंद ठेवतो तो त्या वेळी बंद पडलेला असतो. पूर्ण बंद पडला असेल तर पुढे कितीही डोकं खाजवा, काही सापडत नाही. अर्धवट पडला असेल तर एखाद्या खुणेवरून तुकडे वर येतात. कादंबरीत तुकडे येतात, आणि बरोबर हवे तेव्हा येतात. ती थ्रिलरची सोय. मी ती चालवून घेतली, कारण दुसरी एक गोष्ट बाईंनी फार खरी पकडलीय. ज्याला आठवत नाही तो दुसऱ्याच्या शब्दावर जगतो. "काल रात्री तू काय केलंस, माहितीये?" असं घरचे म्हणतात आणि हा मान खाली घालून कबूल करतो. सांगणारा खरं सांगतोय की नाही, हे विचारायची त्याला सोयच नसते. ओव्हर घेताना आधीच्या सिस्टरने लिहिलंय ते खरं धरून आपण पुढे जातो ना, तसं. फक्त इथे ते स्वतःबद्दल लिहिलेलं असतं. बेभरवशाचा निवेदक म्हणतात तो हल्ली उठसूट कुणीही आणतो. पण निवेदकाचा स्वतःवरच भरवसा नाही, हे मला या पिशवीत एकाच पुस्तकात दिसलं. आणि ते एका पत्रकार बाईने लिहिलंय, वॉर्डाशी संबंध नसलेल्या.

याच पुस्तकाच्या बाबतीत माझी सेवेविषयी मोठी तक्रार आहे. आधीच्या कुणा वाचकाने पान ४० च्या आसपास एका नावाभोवती पेन्सिलने गोल करून लिहिलं होतं, 'हाच खुनी'. माझा जीव खाली-वर झाला. तरी वाचत गेले, आणि शेवटी कळलं की त्या शहाण्याचा अंदाज साफ चुकला होता. मालकांना फोन केला. म्हणाले, "बरं झालं की ओ, मजा दुप्पट." हे काही उत्तर नव्हे. पुस्तकं परत आल्यावर एकदा चाळून बघायला काय हरकत आहे? 'वॉर्ड डी'ची शेवटची आठ पानंही सुटी होती, आणि त्यांचा क्रम उलटसुलट लागला होता. त्याने फारसा फरक पडला नाही, ही गोष्ट वेगळी.

चौथं 'व्हेन द बाऊ ब्रेक्स', १९८५ चं, जोनाथन केलरमनचं. हा स्वतः मुलांचा मानसशास्त्रज्ञ, लॉस एंजेलिसच्या मुलांच्या हॉस्पिटलात काम केलेला. त्याचा नायक अ‍ॅलेक्स डेलावेअरही तोच व्यवसाय करणारा, पण ३३ व्या वर्षीच निवृत्त! मला आधी हसू आलं. मग कळलं, बिचाऱ्या लेखकाला दुसरा इलाज नव्हता. ओपीडीत ६० पेशंट बसलेले असताना डॉक्टर खुनाचा तपास करणार कधी? थिओला नियम मोडायला लावले, डेलावेअरला नोकरी सोडायला लावली. केलरमनचा मार्ग प्रामाणिक. खुनाची साक्षीदार असू शकेल अशा एका लहान मुलीशी तो बोलतो, ती पानं ज्याला कुणाला मुलांकडून काही काढून घ्यायचं असतं त्याने वाचावीत. तो घाई करत नाही. आधी तिची औषधं काय चालू आहेत ते बघतो. शाब्बास, म्हटलं. बाकीचं पुस्तक लांबलंय, मारामाऱ्या फार आहेत, दोन दुपारी झोप लागली.

आता तारे वगैरे द्यायचे तर 'सायलेंट पेशंट'ला चार, हॉकिन्सबाईंना साडेचार, केलरमनला तीन, 'वॉर्ड डी'ला दोन, तेही प्रवासात वाचणार असाल तर. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला पोचेपर्यंत संपतं. ख्रिस्तीला तारे देणारी मी कोण. सेवेला चार. निवडीला पाच द्यायला हवे होते, कारण एक वेगळा, एक फसलेला, एक डॉक्टर नसलेल्या बाईचा, एक जुना, आणि वर शंभर वर्षांपूर्वीचं मूळ, अशी पिशवी भरायला वाचलेलं असावं लागतं. एक तारा पेन्सिलीसाठी कापला.

पिशवी परत द्यायला यावेळी मी स्वतःच जिना चढले. गुडघे दुखतात, तरी गेले. मालकांनी पुस्तकं एकेक करून पंख्यासारखी फडफडवून बघितली, माझ्या तक्रारीचा परिणाम असावा. चटणीचा डाग बघून काही बोलले नाहीत. 'सायलेंट पेशंट'मध्ये समासातली माझी पेन्सिल दिसली तसे थांबले.

"आणि हे काय ओ, सिस्टर? दुसऱ्यानं लिहिलं की फोन करता."

"कापा डिपॉझिटमधून," मी म्हटलं. "पण खोडू नका."

"'तारीख?' म्हणजे काय पण?"

"तुम्ही वाचलंय ना?"

त्यांनी खोडरबर हातात धरून ठेवलं होतं. म्हणाले, अर्धं वाचलंय, गिऱ्हाईक आलं आणि राहून गेलं. शेवट भाच्याने सांगायचा प्रयत्न केला होता, त्याला गप्प बसवलं. मग त्यांनी ते पुस्तक फळीवर न ठेवता गल्ल्याशेजारी, चष्म्याच्या घरावर ठेवलं आणि मला पुढच्या महिन्याचा विषय विचारला. मी कोर्टकचेरीचे सांगितलेत, शेजारी एक निवृत्त बेलीफ राहतात, त्यांच्याकडून तपासून घेता येतील.

ती पिशवी अजून आलेली नाही. आज १२ तारीख. भाच्याला फोन केला तर म्हणतो, मामा दुपारी शटर अर्धं ओढून वाचत बसतायत, आणि सारखी मागची पानं उलटतायत.